भांडायले भाषा लागते

आमच्या लाईनीत कोणाच्याच घरी घड्याळ नव्हतं, तरी कोणाचं काम अडत नव्हतं. सकाळी साडेसहाले माझं अन् यांचं भांडण सुरू होई, त्यावर शेजारची गयाबाई भात चढवे. भांडण संपलं की तिचा नवरा शामराव डबा घेऊन दुर्गच्या गाडीवर निघे. तो रेल्वेत होता, त्याले वेळेची कदर. हे मी लाजून सांगत नाही. ज्या घरात भांडण नाही, त्या घरात दोघांपैकी एक जण गप ऐकून घेऊन राहिला असते, अन् आमच्या घरात तसा कोणी नव्हता.

मी मनकर्णा, साकोलीकडची. दुसरीपर्यंत शाळा, पुढं गुरं. हे प्लांटमधे, म्हणजे पोलादाच्या कारखान्यात, रिगर होते. रिगर म्हणजे घराएवढे लोखंडाचे तुकडे वायररोपानं बांधून क्रेनले देणारा, अन् खालून हात हालवून क्रेनवाल्याले सांगणारा की उचल, थांब, डावीकडं घे. तीन वर्सांपासून आम्ही कोहक्याले खपरेलाच्या छपराच्या पाच खोल्यांच्या लाईनीत राहत होतो. दोन्ही पोरी लग्न होऊन गोंदियाकडं गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच, त्यामुळं भांडणात वाटेकरी कोणी नव्हता.

यांच्या गँगमधे पंजाबी, मद्रासी, बंगाली, उडिया, छत्तीसगडी असे सगळे. तिथं हिंदीशिवाय गती नाही. घरात मात्र मराठी. दारात जोडे काढता काढता यांच्या तोंडून 'अरे यार' निघालं तर मी म्हणे, थेही तिथंच काढून ठेवा.

पहिली भट्टी पेटली त्याच्या पुढच्या वर्सी, होळीच्या आधी, हे सायकलनं पावर हाउसच्या बाजारात गेले अन् येताना म्हशीवर आदळले. म्हैस चालत नव्हती, उभी होती. दहा लोकांनी पाहिलं की म्हशीची काही चूक नाही. तिले खरचटलंही नाही. हे डोक्यावर पडले.

चार दिवस दवाखान्यात यांचे डोळे उघडे अन् तोंड बंद. मी उशाशी बसून बोलतच राहिली, कारण गप बसणं मले शिकवलंच नव्हतं कोणी. पाचव्या दिवशी यांनी माझ्याकडं तोंड वळवलं, दोन्ही हात जोडल्यासारखे केले अन् म्हटलं, "बहनजी, थोडा पानी मिलेगा?"

बावीस वर्सांचा संसार, दोन पोरी, एक नातू, अन् मी बहीण. मी पाणी दिलं, बाहेर आली अन् गयाबाईले म्हटलं की यांची ओळख गेली. पण ओळख गेली नव्हती. डाक्टरनं माझ्याकडं बोट करून विचारलं, ये कौन है, तर हे म्हणाले, घरवाली है, गुस्सा बहुत करती है. म्हणजे ओळख पक्की होती. गेली होती ती मराठी.

डाक्टरनं काय सांगितलं थे शामरावानं मले समजावून सांगितलं. डोक्यात एकेका भाषेची वेगवेगळी कोठी असते म्हणे. एका कोठीवर मार बसला, दुसरी शाबूत राहिली. मराठी कानावर पडली तर थोडी समजेल, पण हळूहळू बोललं तर. तोंडातून मात्र येणार नाही. पुढं येईल का, विचारलं, तर डाक्टर म्हणे येईल किंवा नाही येईल. एवढं तर मीही सांगितलं असतं, त्यासाठी गळ्यात नळी कावून घालाले पायजे?

मले राग आला तो या गोष्टीचा की कोणती कोठी राहिली. सासूबाईंनी दुधासोबत पाजलेली भाषा गेली, अन् प्लांटच्या धुळीसोबत पोटात गेलेली राहिली. प्लांटमधल्या रशियन साहेबाचं 'दा, दा', म्हणजे हो, हो, थे सुद्धा शाबूत होतं. जाता जाता डाक्टर म्हणाला, घरवालीनं यांच्याशी हिंदीत बोलावं, फरक पडेल. मी मान हालवली अन् मनात म्हटलं, बोलली मी.

प्लांटले तर काही फरकच पडला नाही. दीड महिन्यानं हे ड्यूटीवर गेले. हात हालवणं तेच, हिंदी तीच, 'दा, दा' तेच. त्यांचा फोरमन एक दिवस घरी येऊन चहा पिऊन गेला अन् म्हणाला, आदमी एकदम फिट है. त्याच्यासाठी फिट होता. नवरा मोडला तो माझ्या एकटीच्या वाट्याचा.

आता इथं एक गोष्ट मले नवीनच कळली. मराठीत हे तापट होते. माझ्या एका शब्दावर यांचे दोन. पण हिंदी हे देशी साहेबाजवळ शिकले होते, अन् साहेबापुढं माणूस जसा असते तसेच हिंदीत होते. जी, आप, मेहरबानी. इतकी वर्सं प्लांटमधे एक गरीब गाय जात होती अन् संध्याकाळी माझ्या घरी वाघ येत होता. म्हशीनं वाघ मारला अन् गाय घरी पाठवून दिली.

मी सकाळी सुरू करे, आंघोळीचं पाणी थंड होऊन राहिलं, किती वेळ थे दात घासणं, तुमच्या बापानं तरी एवढे दात घासले होते का. हे हसून म्हणत, "जी." मी म्हणे कालची भाजी तुम्ही कीड लागलेली आणली. "जी." शब्द फेकला की समोरून शब्द आला पायजे, नाही तर हात दुखते. माझे शब्द गादीवर पडून राहिल्यावाणी होत. हळू बोला म्हणे डाक्टर. माझी मराठी हळू होत नाही. ती उतारावरची बैलगाडी आहे, तिले ब्रेक लावला तर बैल पडतात.

लाईनीतल्या बायाले हे फार आवडलं. पाण्याच्या नळावर माझ्या नवऱ्याचीच चर्चा. गयाबाई म्हणे, "बाई, तुमचे तर जेवण झाल्यावर 'बढिया' म्हणतात. आमच्याइनं बारा वर्सांत ढेकर दिली, बाकी काही नाही." मी म्हटलं, घेऊन जाय, अन् तुझा ढेकरवाला दे. ती हसली. तिले वाटलं मी गंमत करून राहिली.

त्या 'बढिया'ची परीक्षा घ्यायचं मी ठरवलं. एका रविवारी तुरीच्या वरणात तीन मुठी मीठ टाकलं. जिभेवर टेकवलं तर मलेच डोळ्यात पाणी आलं. ताट वाढून समोर बसली. पहिल्या घासाले यांचे डोळे मोठे झाले. मी मनात म्हटलं, आता. आता ताट भिंतीवर जाईल, आता माझ्या माहेराचा उद्धार होईल, दोन वर्सांपूर्वी करपलेल्या पुरणापर्यंत सगळं निघेल. यांनी घास गिळला, हे पाणी प्यायले, अन् म्हणाले, "बढिया है."

मी चुलीजवळ गेली अन् रडली. यांच्या आजारपणात रडली नव्हती मी. तीन मुठी मिठाच्या वरणाले बढिया म्हणणारा मनुष्य माझा नवरा नव्हता, कोणी पाहुणा होता, अन् पाहुणा जायचं नाव घेत नव्हता.

लोक म्हणतील, एवढं होतं तर बाई हिंदीत बोलली कावून नाही. खरं सांगते. मराठीत मी कोणाले ऐकत नव्हती. आमच्या गावचा पाटील माझ्या तोंडाले भ्यायचा. अन् हिंदीत मले तीन वाक्यं येत होती, कितने का है, सडा है, नहीं होना. कोहक्याच्या बाजारात भाजीवाली सुद्धा मले फसवे, अन् मी तोंड वासून उभी राहे. बाजारात फसलेलं एक वेळ चालते. नवऱ्यापुढं तोंड वासून कोण उभं राहील? म्हणून मी घरात मराठीच बोलत राहिली, अन् बोलता बोलता कमी बोलाले लागली. साडेसहाचं भांडण बंद झालं. गयाबाईचा भात उशिरा होऊ लागला, शामरावची दोनदा गाडी चुकली.

जुन्या गोष्टी तर संपल्याच. आमच्या पोरीच्या, नलूच्या, बारशाच्या दिवशी वैनगंगेले पूर होता अन् हे पाळणा डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत आले होते, ती गोष्ट आम्ही दोघं मिळून सांगत असू, अर्धी हे, अर्धी मी, अन् पाणी छातीपर्यंत होतं की गळ्यापर्यंत, यावर दर वेळेस वाद. आता मी एकटीनं सांगितली तर पाणी मी म्हणेन तेवढंच. त्यात काय मजा.

जेठाच्या महिन्यात यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, बाबाराव, गावाहून आले. जावयानं त्याइले कळवलं होतं. भासरे सरळ बोलणारे. पडवीत बसले, लोटाभर पाणी प्यायले अन् भावाले म्हणाले की माणसाची बोली गेली म्हणजे माणूस उपटला गेला, त्याले परत मातीत लावलं पायजे. गावात एक जडीबुटीवाला आहे. अन् नाही आली बोली, तरी आपल्या लोकांत राहा, नोकरीले रामराम कर. परवाच्या गाडीनं निघू.

मी आत, दाराच्या पल्ल्यामागं. आमच्यात भासऱ्याशी बाई बोलत नाही. समोर येत नाही, आली तर पदर हनुवटीपर्यंत. त्याइले काही सांगायचं असलं तर नवऱ्याले सांगायचं, अन् नवऱ्यानं त्याइले सांगायचं, मग भासरे दोन हातांवर बसले असले अन् सगळं ऐकत असले तरी. मी आतून मोठ्यानं म्हणे, 'सांगा म्हणा, यंदा धान कमी कावून पाठवलं', अन् हे म्हणत, 'ती म्हणते यंदा पीक कसं होतं दादा.' माझं तिखट यांच्या तोंडातून गोड होऊन बाहेर जाई. बावीस वर्सं हे खातं असं चाललं. आता मधली तारच तुटली होती.

अन् गावाले गेलो तर काय होणार थे मले डोळ्यापुढं दिसून राहिलं होतं. भासऱ्याचं घर, भासऱ्याचं अंगण, दिवसभर पदर अन् गप. यांना बोलता येत नाही अन् मले बोलता येणार नाही. एका दावणीले दोन मुकी जनावरं, चारा टाकला की संपलं. इथं निदान मी ओरडू तर शकत होती.

"येशील नं गावाले?" भासऱ्यांनी विचारलं.

"जी भैया," हे म्हणाले.

"नोकरी सोडशील?"

"जी भैया."

"बाईले काही हरकत नाही नं?"

"जी भैया."

मी पल्ल्यामागून म्हटलं, "अवो, सांगा त्याइले, आपल्याले कुठं जायचं नाही." हे वळून माझ्याकडं पाहाले लागले, बाजारात मी भाजीवालीकडं पाहते तसे. मी परत म्हटलं, जमेल तेवढं हळू. हे हसले अन् म्हणाले, "जी." भासऱ्यांनी मांडीवर थाप मारली अन् म्हटलं, ठरलं मग.

दोन वाटा होत्या. भासऱ्यापुढं जाऊन त्याइच्या तोंडावर बोलायचं, म्हणजे सात पिढ्यांची रीत मोडायची, अन् मग माझं म्हणणं खरं असलं तरी खोटं झालं असतं. नाही तर दुसरी वाट. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला, पडवीत आली, भासऱ्याकडं पाठ केली अन् यांच्यापुढं उभी राहिली.

"ये जी-जी क्या लगाया है?" मी म्हटलं. "किधर जाता है तुम? मेरे को पूछा?"

हे दचकले. पडवीत कोणी तरी बोललं पण कोण, अशा नजरेनं यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाले, "आप नाराज मत होइए."

"आप किसको बोलता? मैं तुम्हारा फोरमन है क्या? बावीस साल मेरे को मुर्दाड बोला, अभी आप बोलता. दाल में तीन मुट्ठी मीठ डाला मैं, तुम बढिया बोला. झूठा आदमी. ऐसा आदमी मेरे को नहीं होना. सडा है."

माझ्या तीन वाक्यांतली दोन संपली होती, बाकीची हिंदी कुठून आली थे मलेच माहीत नाही. पण तोपर्यंत यांचे कान लाल झाले. आधी कानाची पाळी, मग मान, मग नाक. बावीस वर्सं ओळखीचा रंग तो, तीन महिन्यांनी दिसला. यांनी लोटा जमिनीवर आपटला.

"तो क्या बोलता?" हे म्हणाले. "सुबह से शाम तक तू बंदूक जैसी चलती है, मेरे पल्ले कुछ नहीं पडता. मेरे को लगा ये औरत मेरे से तंग आ गई है. डर के मारे बढिया बोला. वो दाल वो भैंस भी नहीं खाती जिसने मेरे को गिराया."

"भैंस ने नहीं गिराया. भैंस खडी थी."

"तूने देखा था?"

"दस लोगों ने देखा था."

"दस लोग तेरे मायके के होंगे."

माहेर निघालं. मले वाटलं तिथंच बसावं अन् देवाले नारळ बोलावं. पण यांचं अजून झालं नव्हतं. हे खालच्या आवाजात म्हणाले, "तंग नहीं आई, तो भैया को क्यों बुलाया? मेरे को गाँव में छोडने के लिए ही बुलाया ना?"

म्हणजे तीन महिने हा मनुष्य याच भीतीत 'जी-जी' करून राहिला होता. मी रोज ओरडून राहिली होती की माझा नवरा परत द्या, अन् याले ऐकू येत होतं की जा.

"मैं नहीं बुलाया," मी म्हटलं. "जमाई ने बुलाया. तुम गाव को जाएगा तो मैं किसके संग भांडेगी?"

भांडेगी असा शब्द हिंदीत नाही, हे मले आता माहीत आहे. त्या दिवशी यांना तो समजला.

"तो तीन महीने हिंदी में एक बात क्यों नहीं की?"

हे सांगणं सगळ्यात अवघड होतं, अन् भासरे मागं बसले होते. तरी सांगितलं. "मेरे को नहीं आती. तुम हसेगा."

हे हसलेच. मेले. पण हसता हसता म्हणाले, "आती तो है. जितनी मेरे लिए चाहिए, उतनी तो सब आती है."

मागं भासऱ्यांनी घसा खाकरला. हिंदी त्याइले समजत होती, गोंदियाच्या बाजारात धान विकणाऱ्याले कावून समजणार नाही. ते भिंतीकडं पाहून भावाले म्हणाले, "सांग रे तिले, घरात भांडण चालू आहे म्हणजे घर चालू आहे. मी परवा एकटाच जातो. अन् जेवाले वाढ म्हणा, पोटात आग पडली."

थे सगळं मराठीत होतं. मी चार हातांवर उभी होती, माझे कान शाबूत होते. पण रीत म्हणजे रीत. यांनी भावाचं तोंड पाहून, हातानं जेवणाची खूण पाहून अंदाज बांधला, अन् माझ्याकडं वळून म्हणाले, "भैया बोल रहे हैं, अकेले जाएँगे. खाना लगाओ."

"उनको बोलो," मी म्हटलं, "दो मिनट बैठो. अन् परसों नहीं, चार दिन रहो, आम अभी पकनेवाला है."

हे भावाकडं वळले. "भैया, वो बोल रही है, चार दिन रुकिए. आम पकेंगे."

"बरं म्हणा तिले," भासरे म्हणाले.

"बोल रहे हैं, ठीक है."

गयाबाई कुंपणापाशी उभी राहून सगळं पाहत होती. तीन मराठी माणसं, दोघांना एकमेकांशी बोलाले बंदी, एकाची मराठी गेलेली, अन् सगळा कारभार हिंदीत. तिनं नंतर मले विचारलं की बाई, तुमच्या साकोलीकडं असंच असते का. मी म्हटलं, आमच्याकडं सगळं व्यवस्थित असते, तुमच्या नागपुराकडंच घोळ.

भासरे सहा दिवस राहिले. गावाले जाऊन त्याइनं सांगितलं की धाकट्याची बायको हिंदीत भांडते अन् ते ऐकाले पाव्हण्यांनी एकदा जावं. यांची मराठी पुढंही आली नाही. आकडे आले पन्नासपर्यंत, भाज्यांची नावं आली, पोरींची नावं आली. थे थांबलं तिथं थांबलं. वैनगंगेची गोष्ट मी यांना हिंदीत सांगितली, माझ्या मोडक्या हिंदीत, तर पाणी गळ्यापर्यंत होतं यावर हे अडून बसले. मी म्हटलं, तुम्हाले आठवते तरी का. हे म्हणाले, पाणी आठवायले भाषा लागत नाही. हे अर्थात हिंदीत म्हणाले, अन् चुकीचंच म्हणाले, पाणी छातीपर्यंतच होतं.

पण त्या पडवीतल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाले माझी अडचण झाली. सुरुवात केली अन् दोन मिनिटांत माल संपला. मी पातेलं खाली ठेवलं अन् तडक गयाबाईच्या दारात गेली. शामराव डबा भरून निघण्याच्या बेतात होता. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही रेल्वेत फिरता, बिलासपूर काय, रायपूर काय, नवऱ्याले बोलाले हिंदीत चांगले दहा-बारा शब्द सांगा, घाणेरडे नको, पण लागले पायजे. शामरावनं डोकं खाजवत यांना हिंदीत सांगितलं की ही भांडायले दहा-बारा शब्द मागून राहिली.

हे आमच्या दारात बसून बुटाची नाडी बांधत होते. वर न पाहता म्हणाले, "अरे भाई, बीस दे दे इसको. दस तो ये दोपहर तक खतम कर देगी."